खालचा कागद

"हा ठिपका कशाचा गं?" चितारीणबाईंनी कागद उजेडाकडे धरून विचारले.

"तुमच्या माशाला आहे तो," ट्रेसरबाई म्हणाल्या. "पोटाखाली, शेपटीच्या जरा अलीकडे."

चितारीणबाईंनी कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला, आपला मूळ मासा मांडीवर घेतला आणि दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. दोन्हींवर तोच मासा होता. तेच खवले, तीच तोंडाजवळची मुरड, तीच शेपटीची घडी. आणि दोन्हींवर तोच ठिपका होता. किंचित लांबट, एका बाजूने फिका. त्यांनी सुनेला हाक मारली. सून हात पुसत आतून आली, तिने वाकून पाहिले आणि ट्रेसरबाईंकडे बघत तोंडाला पदर लावला.

"काकू, तो माझ्या चहाचा थेंब आहे. सकाळी सांडला."

ओसरीवर बसलेल्या सगळ्या बायका हसल्या. ट्रेसरबाईही हसल्या, पण त्यांचे कान तापले. थेंबाची फिकी कड साधावी म्हणून त्यांनी काळ्या रंगात पाणी मिसळले होते आणि कुंचल्याचे टोक दोनदा पुसले होते.

देवळाच्या मागच्या दाराने बाहेर पडले, चपला सोडवून घेतल्या आणि डावीकडे वळले की ही चितारणींची गल्ली लागे. गल्लीतली एकही भिंत कोरी नव्हती. जोत्यापासून वळचणीपर्यंत मासे, पोपट, कमळे, हत्ती, वेली आणि डोळे. चेहऱ्याला न मावणारे मोठे मोठे डोळे. यात्रेकरू देवदर्शन झाले की इथे येत, चित्रे पाहत, एखादे विकत घेत आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघून जात. चितारीणबाईंच्या ओसरीवर मात्र ज्याला हौस असेल त्याला कागद आणि कुंचला मिळत असे. ट्रेसरबाई सकाळी सहज म्हणून तिथे टेकल्या होत्या आणि दुपार कलली तरी उठल्या नव्हत्या.

त्यांचे यजमान ओसरीच्या खांबाला टेकून उभे होते. ते पाणीपुरवठा खात्यात मुख्य आरेखक होते. बाई त्याच कार्यालयात अनुरेखक, म्हणजे ट्रेसर. आरेखकाने पेन्सिलीने नकाशा काढायचा, ट्रेसरने त्यावर मेणकापड ताणून बसवायचे आणि खालची रेघ न रेघ शाईने वर उतरवायची, असे ते काम. लग्नाआधी बाई त्यांना साहेब म्हणत. लग्नानंतर अहो म्हणू लागल्या; पण चिडल्या किंवा चेष्टेत आल्या की अजूनही साहेबच म्हणत. सगळे कार्यालय बाईंना ट्रेसरबाई म्हणे. निवृत्तीनंतरही सोसायटीतल्या शेजारणींनी तेच नाव उचलले होते.

"यांची ही सवय जुनी आहे, मावशी," साहेब चितारीणबाईंना म्हणाले. "एकदा माझ्या नकाशावर माशी मेली. म्हणजे बसली, आणि मी पट्टी ठेवली. मला पत्ता नाही. यांनी ती उतरवली. पायांसकट. आठ दिवसांनी साइटवरून इंजिनियरचा फोन. टाकीच्या डाव्या अंगाला जो सहा फाट्यांचा व्हॉल्व्ह दाखवलाय, तो बाजारात मिळत नाही म्हणे."

"मग काय केलंत?" सुनेने विचारले.

"काय करणार? रद्द केला व्हॉल्व्ह."

ओसरी पुन्हा हसली. बाई म्हणाल्या, "आमचा नियमच होता तो. आहे ते सोडायचं नाही, नाही ते घालायचं नाही. चूक असली तरी ती काढणाऱ्याची. आपण हात लावायचा नाही."

चितारीणबाई हसल्या नव्हत्या. त्यांनी तो उतरवलेला मासा पुन्हा एकदा वर धरला.

"हात सोन्यासारखा आहे तुझा," त्या म्हणाल्या. "इतका चांगला, की त्याला तुझी गरजच पडत नाही."

बाई कुंचल्याचे टोक पुसत राहिल्या.

"इकडे ये." म्हातारी गुडघ्यावर हात देत उठली आणि त्यांना दाराशी घेऊन गेली. दाराच्या उजव्या अंगाला भिंतीचा एक तुकडा नव्याने लिंपून चुन्याने पांढरा केलेला होता. खिडकीच्या झडपेएवढा. गजबजलेल्या त्या भिंतीत तो तेवढाच गप्प होता. "ही जागा आम्ही पाहुण्याला देतो. आमच्याच हातचं बघून बघून आम्हाला कंटाळा येतो बाई. उद्या सकाळी ये नि मासा काढ. पण समोर कागद ठेवायचा नाही, भिंतीकडे बघायचं नाही, आम्हाला विचारायचं नाही. तुझा मासा काढ."

"माझा असा मासा नाही, मावशी."

"मग कुणाचा आहे?"

"उद्या दुपारी आमची गाडी आहे."

"दुपारच्या आत शंभर मासे होतात. तू एकच काढ."

यात्री निवासातली त्यांची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. दोन लोखंडी खाटा, एक टेबल, आणि खिडकीतून दिसणारी देवळाची पाण्याची टाकी. संध्याकाळी साहेब त्या टाकीच्या खांबांकडे बघत होते आणि ते थोडे बारीक पडले आहेत असे त्यांचे मत बनत चालले होते. बाई खाटेवर मांडी घालून बसल्या होत्या. मांडीवर फळांची कागदी पिशवी उलगडून पसरली होती आणि हातात साहेबांचे पेन होते. पिशवी कोरीच होती.

"अहो."

"हं."

"मासा म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं?"

साहेबांनी विचार केला. "मध्यरेषा."

"म्हणजे?"

"आडवी मध्यरेषा टाकायची. तिच्यावर लांबी घ्यायची. मग वर एक कंस, खाली एक कंस. शेपटीला दोन तिरक्या. झाला मासा. त्यात काय आहे?"

"मला रेघच येत नाही डोळ्यांपुढे," बाई म्हणाल्या. "मला कागद येतो. आणि त्याच्या खाली काहीच नसतं."

 साहेबांना ठाऊक होते की हे आजचे नाही. मागच्या महिन्यात नात राहायला आली होती. तिने आजीपुढे कोरा कागद आणि खडूंची पेटी ठेवली आणि हत्ती काढ म्हणाली. बाई म्हणाल्या, तुझ्या पुस्तकातला आण, हुबेहूब काढून देते. नात म्हणाली, पुस्तकातला तर पुस्तकात आहेच की, तुझा काढ. बाई खडू हातात घेऊन बसल्या. बराच वेळ बसल्या. नात कंटाळून खेळायला गेली आणि संध्याकाळी साहेबांना टेबलावर तो कागद दिसला. त्यावर एका कोपऱ्यात खडू टेकवल्याचा एक बिंदू होता. बाईंनी तो कागद टाकून दिला नव्हता. घडी घालून ओट्यावरच्या डब्याखाली सारला होता. त्या दिवसानंतर त्या दोनतीनदा म्हणाल्या होत्या, की आपल्याला आयुष्यात एक रेघ आली नाही. हसत म्हणाल्या होत्या. पण साहेबांनी त्यांचे हसणे अर्धे आयुष्य ऐकले होते आणि त्यातला फरक त्यांना कळत होता.

"नको जाऊस मग," ते आता म्हणाले. "सकाळी लवकर रांगेत लागू. गर्दी व्हायच्या आत शांतपणे दर्शन होईल. आज नुसतं धक्काबुक्कीत झालं."

"जायचं आहे मला."

साहेब वळून बघू लागले. एरवी बाई म्हणायच्या, जाऊ या का? किंवा, तुमचं काय मत आहे? असे सरळ वाक्य त्यांच्या तोंडून क्वचितच येई.

"आणि नाही जमलं तर?"

"नाही जमलं तर म्हातारी चुना फिरवेल. पण मग मी घरी जाऊन पुन्हा कुणाला म्हणणार नाही, की मला कधी कुणी जागा दिली नाही."

त्यांनी पेनाचे टोपण लावले, पिशवीची चौघडी केली आणि उशाला ठेवली. साहेबांनी दिवा मालवला, पण ते बराच वेळ कूस बदलत राहिले, हे शेजारच्या खाटेच्या कुरकुरीवरून बाईंना कळत होते.

सकाळी बाई उठल्या तेव्हा साहेब खोलीत नव्हते. त्यांची आंघोळ आटोपेपर्यंत ते परत आले. रांग बघायला गेलो होतो, फार मोठी आहे, असे काहीसे बोलले आणि चहा मागवला. पुढे चहा पिताना ते खिडकीबाहेरच बघत होते.

चितारीणबाईंनी सगळे मांडून ठेवले होते. एक बुटका पाट, काळ्या रंगाची वाटी, आणि वेळूच्या काडीला केस बांधून केलेला कुंचला. म्हातारी स्वतः ओसरीवर जाऊन दुसऱ्याच एका कामात डोके घालून बसली. "मी बघत नाही," ती तिथूनच म्हणाली. "झालं की सांग."

साहेब गल्लीच्या पलीकडे गेले आणि चपला कुठे ठेवाव्यात याची सूचना वाचू लागले. सूचना चार ओळींची होती. ते वाचतच राहिले.

बाई पाटावर बसल्या. पुढ्यात पांढरा तुकडा होता. त्यांनी कुंचला बुडवला, वाटीच्या काठाला टेकवून निपटला, आणि हात वर नेला. हात तिथेच थांबला. कालच्यासारखाच, महिन्यापूर्वीच्यासारखाच. पांढऱ्याच्या खाली पांढरेच होते. मनगट जड झाले. त्यांनी हात खाली घेतला, पुन्हा वर नेला. मागून जाणाऱ्या दोन यात्रेकरू बायका क्षणभर रेंगाळल्या आणि पुढे गेल्या.

तेवढ्यात ऊन वळचणीखाली उतरले. ते भिंतीवर आडवे पडले आणि चुन्याचा सगळा खडबडीतपणा बारीक सावल्यांनी वर आला. त्या सावल्यांत एक करडी चकाकी दिसली. बाई पुढे वाकल्या. ती पेन्सिलीची रेघ होती. अगदी कठीण शिशाची, इतकी हलकी की उभ्या माणसाला दिसू नये. पाटावर बसलेल्याला, आणि तेही ट्रेसरच्या डोळ्यालाच दिसावी. वरचा कंस. खालचा कंस. जिथे दोन रेघा मिळतात तिथे त्या एकमेकींना किंचित ओलांडून पुढे गेलेल्या, कोपरा पक्का व्हावा म्हणून आरेखक नेतात तशा. आणि तोंडापासून शेपटीपर्यंत, माशाच्या बरोब्बर मधून, एक लांब तुकडा एक आखूड तुकडा, एक लांब एक आखूड अशी गेलेली मध्यरेषा.

जगात माशाला मध्यरेषा काढणारा एकच माणूस होता.

बाईंनी आधी काही विचार केला नाही. विचार करायच्या आत त्यांची बोटे सैल झाली होती. मनगट हलके झाले, खांदा उतरला, श्वास लांब झाला. हाताला आपले काम सापडले. कुंचला माशाच्या तोंडाशी टेकला आणि वरच्या कंसावरून सरकू लागला. पेन्सिलीची रेघ काळ्याखाली बरोबर मध्यभागी गडप होत होती. एक वीत रेघ गेली, कुठे जाड नाही, कुठे बारीक नाही. ओसरीवरून सून म्हणाली, "बघा, काकू कशा सुरू झाल्या."

ते ऐकून बाईंचा कुंचला थांबला.

सुंदर होती रेघ. अशीच पुढे गेली तर घटकाभरात मासा पुरा होईल, सगळे वाखाणतील, म्हातारीसुद्धा कदाचित मान डोलावेल. दुपारी गाडी. घरी जाऊन नातीला सांगता येईल. आणि मग नात कोरा कागद पुढे ठेवील.

त्यांनी कुंचला उचलला. "अहो," त्यांनी हाक मारली. "जरा इकडे या."

साहेब सूचना सोडून गल्ली ओलांडून आले. त्यांच्या पँटच्या एका गुडघ्यावर चुन्याचा पांढरा गोल उठला होता. बाईंनी तो पाहिला.

"हा कुणी काढला?"

"कोणता?"

"हा. मध्यरेषेसकट."

साहेबांनी भिंतीकडे पाहिले, मग आपल्या गुडघ्याकडे, मग चपलांच्या सूचनेकडे. "मध्यरेषा राहिली होय," ते पुटपुटले. "काढून टाकायची होती. उजेड नव्हता तेव्हा."

"कशासाठी केलंत?"

"तुला सोपं जावं. काल खोलीत..." ते थांबले. "कुणाला दिसलं नसतं."

"मला दिसलं."

"तुला दिसायलाच हवं होतं ना. नाहीतर उपयोग काय?"

बाईंना हसू येत होते आणि राग येत होता, आणि दोन्ही एकाच ठिकाणी येऊन अडकत होते. हा माणूस या वयात, गुडघे दुखत असताना, पहाटे गल्लीत ओणवा होऊन चुन्यावर मासा काढत बसला होता. त्या म्हणाल्या, "खोडा आता."

"चुन्यावर रबर चालत नाही. चुनाच निघेल."

"मग राहू दे."

"राहू दे म्हणजे गिरवतेस?"

"नाही." त्यांनी कुंचला पुन्हा बुडवला. "साहेब, तुम्ही जरा बाजूला व्हा."

साहेब दोन पावले मागे सरले.

बाईंनी मघाच्या सुबक रेघेचे टोक गाठले आणि तिथून कुंचला खालच्या पेन्सिलीवर न ठेवता तिच्यापासून दूर, पांढऱ्यात नेला. लगेच रेघ जाड झाली. त्या थांबल्या नाहीत, कारण थांबल्या तर पुन्हा सुरू होता येणार नाही हे त्यांना कळले होते. पाठ जिथे उतरायला हवी होती तिथे ती चढली. मग अचानक खूप उतरावी लागली. शेपटीकडे येईपर्यंत मासा इतका मोठा झाला होता, की शेपटीला जागाच उरली नाही. पुढे म्हातारीचे कमळ लागले होते. बाईंनी शेपटी वर वळवली. एखाद्याने झोपेतून उठून पाय झटकावा तशी ती दिसली. मग पोट. पोटाची रेघ त्यांनी एका दमात घेतली आणि ती चांगलीच खाली झोकली गेली. शेवटी ती तोंडाशी येऊन मिळाली. नेमकी नव्हे, थोडी आत.

त्यांनी श्वास सोडला. बोटे काळी झाली होती. कपाळावर घाम आला होता.

सून ओसरीवरून उतरून आली होती. तिने वाकून डोके एका बाजूला कलते केले आणि तिला ते दिसले. नव्या मोठ्या काळ्या रेघेच्या आत पेन्सिलीचा तो फिका, नीटनेटका मासा जवळजवळ अख्खाच्या अख्खा राहून गेला होता.

"आई," ती सासूला म्हणाली, "काकूंची मासळी पोटुशी आहे."

म्हातारी मग राहवेना म्हणून आलीच. तिने वाकून पाहिले. मग बाईंकडे पाहिले, मग साहेबांच्या गुडघ्याकडे. तिला किती कळले ते सांगता येत नाही.

"किती महिने झाले?" तिने विचारले.

"दिवस भरलेत," साहेब गंभीरपणे म्हणाले. "आतलं बाळ पूर्ण मापात आहे. मी तपासलंय."

या वेळी म्हातारी हसली. तिला दात थोडे होते, आणि ते सगळे दिसले. हसता हसता ती पदराने डोळे टिपू लागली. "अशी मासळी या गल्लीत कुणी काढली नाही," ती म्हणाली. "पाठ वाकडी आहे. शेपूट तर विचारूच नको. डोळा कुठाय?"

"काढते."

"मोठा काढ. तिला बघता आलं पाहिजे."

बाईंनी डोळा काढला. तो मोठा झाला, जरा वरच्या बाजूला गेला आणि त्यामुळे मासळी कुणीतरी अचानक नावाने हाक मारल्यासारखी दिसू लागली. बाईंनी तिच्याकडे मान वाकडी करून पाहिले. मेणकापडावरची चुकलेली शाई खरवडतात तसे ब्लेडने खरवडावे असे काही त्यांना तिच्यात आढळले नाही. म्हणजे आढळले पुष्कळ, पण हात ब्लेडकडे गेला नाही.

"आतला बुजवायचा असेल तर खवले भर," म्हातारी म्हणाली. "दिसणार नाही मग."

"भरते. पण घाईने नको."

देवळाची घंटा वाजली. रांग आता गल्लीच्या तोंडापर्यंत आली असावी. माणसांचा गलका वाढला होता. साहेबांनी घड्याळ पाहिले.

"आजचं दर्शन राहिलं आपलं," ते म्हणाले. "आता लागलो तरच गाडीपर्यंत होईल."

"तुम्ही जाऊन या. माझं इथलं व्हायचंय अजून."

"एकटा जाऊ?"

"माझाही नमस्कार सांगा."

साहेब गल्लीच्या तोंडापर्यंत गेले, थोडा वेळ तिथे उभे राहिले आणि परत आले.  बाई डोक्याकडून खवले भरत निघाल्या होत्या. एक खवला दुसऱ्यासारखा होत नव्हता. काही गोल, काही टोकदार, एक तर चक्क चौकोनी. पेन्सिलीच्या वरच्या कंसापाशी पोचल्यावर त्या क्षणभर थबकल्या आणि मग त्याच्यावरून सरळ पलीकडे गेल्या.

साहेब मागे उभे राहून बघत होते. त्यांची सावली मासळीच्या पोटावर पडली.

"उजेड सोडा, साहेब."

ते बाजूला झाले. थोड्या वेळाने त्यांना दिसले, की बाईंना दर खवल्यागणिक वाकून पाटाशेजारच्या वाटीपर्यंत हात न्यावा लागतो आहे. ते दुखरा गुडघा सांभाळत, एका हाताने भिंतीचे जोते धरून हळूहळू खाली बसले. त्यांनी वाटी उचलली आणि बाईंच्या कोपराशी धरली. बाईंचा हात न बघताच तिथे आला, कुंचला बुडला, काठाला निपटला आणि परत गेला. पुन्हा आला.

 रंग कमी होत गेला तशी साहेबांनी वाटी त्यांच्या बाजूला थोडी कलती केली.